सागवानी खिडक्या काढून टाकाव्यात का?

प्रश्न : अंबाजोगाईला आमचं जुनं घर आहे, खिडक्या सागवानी, पण पावसात पाणी आत येतं अन् उन्हाळ्यात धूळ. मुलगा म्हणतो सगळ्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवू. काय करावं?

उत्तर : ताई, घाई करू नका. आधी चौकटीला खालून खिळा टोचून बघा, लाकूड कडक लागलं तर खिडकी चांगलीये, भुसभुशीत लागलं तर सुताराकडून तेवढाच तुकडा बदलून घ्या. भिंतीकडच्या फटीत सिलिकॉन, काचेला नवी पुट्टी, झडपांना रबरपट्टी अन् कोरड्या लाकडाला जवसाचं तेल, एवढ्यानं बरंच पाणी थांबतं, वर छज्जा नसंल तर तो पहिले करा. स्लायडिंग अर्धीच उघडते, मे महिन्यात वारं कमी येणार अन् अ‍ॅल्युमिनियम तापतं ते वेगळंच. वाळवीनं चौकटच पोखरली असंल तर मात्र बदला.