सोळाव्या वर्षी दिवस गेले तर आईला, बाळाला खरंच धोका असतो का?

दादा, तुमची पुतणी सोळा वर्षांची, चौथा महिना, आणि तिच्या सासूबाई म्हणतात ‘आमच्या काळी याच वयात व्हायचं’. व्हायचं, खरं आहे. त्यात किती बाया आणि लेकरं गेली, तेवढं त्या सांगत नाहीत. मी बीड जिल्ह्यात आशाचं काम करते.

धोका आहे. या वयात पोरीचं स्वतःचंच अंग वाढत असतं, त्यात बाळ वाटेकरी होतं. आधीच आपल्याकडच्या पोरींना रक्त कमी. गरोदरपणी हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. 7 च्या खाली गेलं तर बाळंतपणातला थोडासा रक्तस्रावही झेपत नाही. बीपी वाढून झटके येण्याची भीतीही या वयात जास्त. कमरेचं हाड पुरतं वाढलेलं नसेल तर बाळ अडतं. बाळ 37 आठवड्यांआधी किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं होण्याची शक्यता वाढते. असं लेकरू गार पडतं, नीट ओढून दूध पीत नाही, जंतुसंसर्ग पटकन होतो.

मला मात्र जास्त धास्ती वय लपवण्याची वाटते. पोक्सोच्या (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) भीतीनं घरचे वय 19 सांगतात, नाहीतर सातव्या महिन्यापर्यंत नोंदच करत नाहीत. मग तिला अतिजोखमीची माता म्हणून कुणी बघतच नाही. अठराच्या आतली असली की डॉक्टरांना पोलिसांत कळवावंच लागतं, खोटा धीर देत नाही. पण म्हणून तिला उपचार नाकारता येत नाहीत.

आणि तिला स्वतःला काय हवंय, हे कुणी विचारलं का? अल्पवयीन मुलीला 24 आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपाताची सोय आहे, पालकाची लेखी संमती लागते.

ठेवायचं ठरलं, तर दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, ती चुकवू नका. लोहाची गोळी रोज, चहासोबत नको. नवरा कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणारा असेल तर उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असो वा नसो, तिला उसाच्या फडावर नेऊ नका. तिथं मोळ्याही उचलाव्या लागतात आणि तपासण्याही सुटतात. बाळंतपण रक्त आणि सिझरची सोय असलेल्या जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयातच करा.

डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर सूज आली किंवा अंगावरून रक्त गेलं, तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करा.