इंग्रजी शब्दांत हायफन कुठे द्यायचा आणि त्याने अर्थ बदलतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: दोन शब्दांमध्ये हायफन कधी द्यायचा, आणि ओळ संपताना लांब शब्द कुठे तोडायचा. चिन्ह एकच, कामं दोन. पण दोन्ही ठिकाणी आधी अर्थ कळायला हवा, रेघ त्यानंतर.

'ट्वेंटी फोर अवर शिफ्ट्स' घ्या. फोर आणि अवर जोडले तर चार-चार तासांच्या २० पाळ्या, म्हणजे ८० तास काम. ट्वेंटी आणि फोर जोडले तर एकेका तासाच्या २४ पाळ्या. तिन्ही शब्द जोडले तर पाळीच २४ तासांची, आणि अशा पाळ्या किती ते सांगितलेलंच नाही. हायफन गाळला की वाचणाऱ्याने अंदाज बांधत बसायचं.

म्हणून नामाआधी दोन-तीन शब्द मिळून एकच विशेषण होत असेल तर ते जोडा. 'स्मॉल-बिझनेस ओनर' म्हणजे छोट्या धंद्याचा मालक. हायफन काढला तर मालकच लहानखुरा वाटू शकतो. तेच विशेषण नामानंतर आलं की हायफन सहसा जातो: 'वेल-नोन रायटर', पण 'द रायटर इज वेल नोन'. 'ली'ने संपणाऱ्या क्रियाविशेषणाला तो नको, 'हायली पेड' असंच लिहा. मात्र 'फ्रेंडली' हे विशेषण आहे, त्यामुळे 'फ्रेंडली-लुकिंग डॉग'मध्ये तो हवाच. आपल्याकडून हमखास होणारी चूक म्हणजे 'फाइव्ह-इयर्स-ओल्ड बॉय'. 'पाच वर्षांचा' हे अनेकवचन डोक्यात असतं, पण इंग्रजीत तिथे 'इयर' एकवचनीच राहतं.

'री' लागलेले शब्द मोठ्याने म्हणून पाहा. 'रिझाइन' म्हणजे राजीनामा देणं, 'री-साइन' म्हणजे पुन्हा सही करणं. स्पेलिंगमध्ये फरक फक्त हायफनचा, अर्थ जवळजवळ उलटे! नोकरीच्या पत्रात ही रेघ विसरू नका.

आता ओळीच्या शेवटी शब्द तोडणं. अनेक शब्दकोशांत मूळ शब्दात ठिपके दिलेले असतात, तिथेच तोडा. 'रेकॉर्ड' नाम असेल तर 'सी'नंतर तुटतो, क्रियापद असेल तर 'री'नंतर, कारण आघात, म्हणजे उच्चारातला जोर, बदलतो. 'मॅनस्लॉटर', म्हणजे मनुष्यवध, 'मॅन'नंतर तोडायचा. एक अक्षर पुढे जाऊन 'एस'नंतर तोडलात तर पुढच्या ओळीवर चक्क 'लाफ्टर' उरतं. 'स्ट्रेंग्थ' किंवा 'वॉक्ड' कितीही लांब दिसले तरी उच्चार एकाच झटक्यात होतो, म्हणून ते तुटत नाहीत. एकटं अक्षर मागे ठेवू नका आणि दोनच अक्षरं पुढे ढकलू नका.

दोन शब्दकोशांत फरक दिसला तर गोंधळू नका. शॉर्टर ऑक्सफर्डच्या २००७च्या आवृत्तीने सुमारे १६,००० शब्दांतले हायफन काढले: 'बम्बलबी' जोडून एक शब्द झाला, 'आइस क्रीम'चे दोन सुटे शब्द झाले. माझा आग्रह एवढाच, की एका लेखनात एकच कोश शेवटपर्यंत पाळा.

आणि शब्दात आधीच हायफन असेल, जसा 'सेल्फ-कंट्रोल'मध्ये, तर ओळ तिथेच तोडा. 'कंट्रोल'च्या मध्ये दुसरा घालू नका.