गाया या युरोपीय अवकाश दुर्बिणीच्या डेटावरून सूर्याच्या २५ पार्सेकच्या (सुमारे ८२ प्रकाशवर्षांच्या) आतल्या ताऱ्यांची यादी घरी करता येईल का? आरयूडब्ल्यूई (एकट्या ताऱ्याचं गणित मोजमापांशी किती जुळत नाही ते सांगणारा आकडा) १.४ च्या वर गेला की नोंद टाकायची, हीच गाळणी लावायची ना?

येते की, साधा लॅपटॉप पुरतो. पण ती १.४ ची गाळणी कृपा करून लावू नका. हा आकडा गायाच्या दुसऱ्या डेटा रिलीजच्या वेळच्या एका तांत्रिक टिपणातला; तेव्हापासून जो तो डोळे झाकून तोच लावतोय. आरयूडब्ल्यूई फुगतो तो बऱ्याचदा जोडताऱ्यामुळे. गणित एकट्या ताऱ्याचं बसवलेलं आणि जोडीदार त्याला हलवतोय, मग आकडा चढणारच! त्यात तारा जवळचा असला की हे डुलणं जास्तच उठून दिसतं. म्हणजे कचऱ्याबरोबर खरे शेजारीही गेले, आणि मग हीच मंडळी लिहिणार की आपल्या आसपास जोडतारे कमी आहेत. २०२१ च्या १०० पार्सेकच्या गाया यादीत ८ मिलीआर्कसेकंदांवरच्या पॅरॅलॅक्सच्या (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती सरकल्यासारखा दिसतो तो कोन; तारा जितका जवळ तितका मोठा) सुमारे १२ लाख नोंदींमधून ३,३१,३१२ ठेवल्या, त्याही एका आकड्यावर कात्री चालवून नव्हे.

पॅरॅलॅक्स ३९ मिलीआर्कसेकंदांच्या वरचं सगळं उचला. ४० ची, म्हणजे २५ पार्सेकची, रेघ शेवटी मारा, नाहीतर जोडीतला एक आत आणि दुसरा बाहेर राहतो. मग जी + ५ लॉग(पॅरॅलॅक्स) − १०, म्हणजे ताऱ्याचं निरपेक्ष तेज, हे जी−आरपी या रंगासमोर मांडा (जी, आरपी, बीपी म्हणजे गायाने अनुक्रमे सगळ्या, लाल आणि निळ्या प्रकाशात मोजलेलं तेज). बीपी नको. मंद लाल ताऱ्यांचा बीपी खोटा जास्त येतो, ते निळे भासतात आणि मुख्य क्रम (सूर्यासारखे सामान्य तारे) व श्वेतबटू (संपलेल्या ताऱ्यांचे उरलेले गाभे) यांच्या मधल्या पट्ट्यात जाऊन बसतात. नेमका तिथेच खोटा पॅरॅलॅक्सवाला कचराही असतो, विशेषतः आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेचा.

टूमास या जुन्या अवरक्त आकाश-यादीशी जुळवताना जागा आधी मागे न्या. गायाच्या जागा २०१६.० च्या, टूमासच्या १९९७ ते २००१ मधल्या. बर्नार्डचा तारा वर्षाला १०.४ आर्कसेकंद सरकतो, १६ वर्षांत पावणेतीन आर्कमिनिटं. ५ आर्कसेकंदांच्या वर्तुळात तो सापडणार नाही, उलट मागच्याच कुठल्यातरी ताऱ्याचे जे, एच, के (टूमासचे अवरक्त तेजाचे आकडे) त्याच्या नावावर चढतील.

मित्रचे (अल्फा सेंटॉरीचे) दोन्ही ठळक तारे, व्याध, प्रश्वा, श्रवण, अभिजित गायात नाहीत, फारच तेजस्वी पडतात. ते हिप्पार्कोस या गायाआधीच्या उपग्रहाच्या यादीतून हाताने भरा.

आरयूडब्ल्यूई अगदीच टाकाऊ नाही म्हणा. तो मोठा असेल तर त्या पॅरॅलॅक्सवर आंधळा विश्वास नको, रकाना ठेवून द्या. आणि थंड तपकिरी बटू (तारा होण्याइतकं वस्तुमान नसलेले गोळे) गायाला दिसतच नाहीत: २०१४ मध्ये सापडलेला वाइझ ०८५५ फक्त २.३ पार्सेकवर आहे, तरी तो या यादीत येणार नाही.