मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणात कार्बन डायऑक्साइड साठवता येईल का?

खडक कामाचा आहे, पण आधी जाडी बघा. बेसाल्टमधलं (म्हणजे या काळ्या पाषाणातलं) कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्यात विरघळलेल्या वायूशी जुळलं की त्याचा चक्क दगड होतो. आइसलँडमध्ये २०१२ ला अशा खडकात सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून जास्त दोन वर्षांत असा गोठला. तिथला बेसाल्ट तरुण. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, त्याच्या पोकळ्या बऱ्याच ठिकाणी झिओलाइट नावाच्या खनिजानं बुजलेल्या. म्हणजे बोअर घेऊन नमुने तपासल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर खोल बोअर घेतलं, तर बेसाल्ट ३३८ मीटरवरच संपला. वायू दाट अवस्थेत ठेवायला सुमारे ८०० मीटर खोली लागते. उथळ थरात पाण्यात विरघळवून सोडायचा, तर टनामागे पंचवीसेक टन पाणी. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, तिथं हे कुठून काढायचं?