पुढची तारीख कधी?

प्रश्न : वकीलताई, दिवाळीत आम्ही अंदमानला जाऊन आलो. सेल्युलर जेलची कोठडी बघून मुलीनं विचारलं, "आताचे तुरुंग पण असेच असतात?" माझी जीभ उचलेना. चुलतभावाचा 22 वर्षांचा मुलगा तेरा महिने कच्चा कैदी आहे. मोबाईल चोरल्याचा गुन्हा, पहिलाच. लाजेपायी घरातलं कुणी भेटायला गेलेलं नाही. काय करता येईल?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दादा, आधी मुलीचा प्रश्न. ती कोठडी साडेतेरा फूट बाय साडेसात फूट, आणि एका कोठडीत एकच माणूस. 1896 ते 1906 या काळात हा तुरुंग बांधला तेव्हा त्याच्या सात पाखा, म्हणजे लांबट इमारती, अशा रचल्या की एका पाखेच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ यावी. समोर माणसाचा चेहराच दिसू नये. दिवसा कोलू ओढायचा, तीस पौंड खोबरेल काढायचं, आणि रात्री पुन्हा एकटं. सावरकर बंधू दोघेही याच तुरुंगात होते. 1933 च्या उपोषणात बळजबरीनं दूध पाजताना महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्रा यांचे जीव गेले. तिथे शिक्षा होती ती एकटेपणाची.

आज त्याच्या नेमकं उलट आहे. 2022 च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत शंभर जणांच्या जागेत 131 माणसं होती, आणि दर चारांतले तीन न्यायाधीन, म्हणजे गुन्हा शाबीत न झालेले कच्चे कैदी. माझ्या एका अशिलानं मला बराकीतली रात्र सांगितली होती. प्रत्येकाच्या वाट्याला दीड हात जागा, म्हणून सगळे एकाच कुशीवर झोपतात. मध्यरात्री एकाला कूस बदलायची झाली की तो शेजाऱ्याला हलवतो, शेजारी पुढच्याला, आणि अख्खी रांग वळते. हे सांगताना तो हाताचा पंजा आडवा धरून बोटं एकेक करून वळवून दाखवत होता. तो पंजा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

जागेपेक्षाही माणसाला जास्त खातं ते तारखांचं चक्र. गार्ड मिळाला नाही म्हणून कोर्टात नेलं नाही, साक्षीदार आला नाही, पुढची तारीख. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत राहिलेली पोरं मी बघितली आहेत. सव्वीस वर्षांच्या वकिलीत माझा सगळ्यात जास्त संताप यावर झाला आहे.

आता तुमचा मुलगा. हो, तुमचाच म्हणते. साध्या चोरीला कमाल शिक्षा 3 वर्षं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्या माणसानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर न्यायालयानं त्याला बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडायचं असतं. तुमचं एक वर्ष होऊन वर एक महिना गेला! दोन गोष्टी मात्र तपासा : त्याच्यावर दुसरा खटला प्रलंबित नाही ना, आणि त्याच्याच बाजूनं खटला लांबवला गेला नाही ना. असा अर्ज कोर्टाला करणं हे कारागृह अधीक्षकांचंही काम आहे, पण वाट बघत बसू नका. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. घरातून जाणं जमत नसेल तर विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनला फोन लावा.

लाजेबद्दल एवढंच सांगते. तिहारमधल्या सुनील बात्रा नावाच्या कैद्यानं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं होतं, तेही स्वतःसाठी नाही, दुसऱ्या कैद्याचा छळ झाला म्हणून. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. एक कैदी दुसऱ्यासाठी एवढं करतो, आणि आपलं रक्ताचं पोर तेरा महिने भेटीविना?

या आठवड्यातच जा. मूळ आधार कार्ड न्या, सकाळी लवकर नंबर लावा. भेटीत रागावू नका, वेळ थोडा मिळतो. जाण्याआधी कोर्टातून पुढची तारीख काढून घ्या आणि त्याला तोंडानं सांगा. आतला प्रत्येक जण मला पहिल्यांदा तेच विचारतो.