दहेजला एलएनजीवर जातोयस? मग हे वाच

अरे, बडोद्याहून दहेजच्या एलएनजी टर्मिनलवर ड्युटी लागली, मस्तच, पण काल दांडिया बाजारात चहा पिताना तू म्हणालास ना की टाकीत गॅस दाबून भरतात, ते आधी डोक्यातून काढ. तो सीएनजी, २०० बारवाला, म्हणजे हवेच्या साधारण २०० पट प्रेशरचा. एलएनजी म्हणजे मिथेन, नैसर्गिक वायूतला मुख्य गॅस, उणे १६२ डिग्रीला थंड करून केलेलं लिक्विड, मोठ्या टाकीत प्रेशर जवळपास हवेइतकंच, आणि जागा ६०० पट कमी लागते, म्हणून तर कतारहून जहाजाने आणणं परवडतं, २००४ पासून येतंय.

टाकी कितीही भारी असू दे, बाहेरची उष्णता आत झिरपतेच, आतलं थोडंथोडं उकळत राहतं आणि वाफ काढली नाही की प्रेशर चढतं. म्हणून दोन बंद व्हॉल्व्हच्या मधे लिक्विड कधी कोंडू नकोस, पाईप फाटेल, हे मी दहादा सांगणार.

एलएनजीला वास येत नाही बरं का, घरच्या गॅसला तो मुद्दाम घालतात. गळती झाली की पांढरं धुकं दिसतं ती हवेतली पाण्याची वाफ गोठलेली, मिथेन दिसत नाही, तो धुक्याबाहेरही असू शकतो, थंड असताना जमिनीलगत सरपटतो आणि हवेत ५ ते १५ टक्के असला की पेटतो.

हातमोजे कोरडे आणि सैल. नवीन असताना मी ओल्या मोज्याने पाईप धरला, मोजा तिथेच चिकटला, सैल होता म्हणून हात निघाला, बोटांना फोड आले ते आलेच. आणि साधं लोखंड त्या थंडीत काचेसारखं तडकतं, तेव्हा बाजारातला नटबोल्ट कुठेही ठोकू नकोस.