रंग फिका, वास अळंबीचा : जुनी कोन्याक खराब झाली का?

प्रश्न : फ्रान्समधील ग्रांद शांपान्य विभागातल्या एका छोट्या शेतकरी कुटुंबाची, एकाच पिंपातून भरलेली जुनी कोन्याक (द्राक्षांपासूनची फ्रेंच ब्रँडी) मला भेट मिळाली. मोठ्या कंपन्यांच्या एक्सओपेक्षा (‘एक्स्ट्रा ओल्ड’, म्हणजे जास्त वर्षे मुरवलेल्या कोन्याकपेक्षा) तिचा रंग फिका आहे, गोडवा जवळजवळ नाही आणि वासात अक्रोड व अळंबी जाणवते. ती खराब झाली असावी का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून तरी मुळीच नाही. कोन्याकमध्ये रंगासाठी कॅरामल, थोडी साखर आणि ओकच्या लाकडाचा अर्क घालण्यास नियमांनुसार परवानगी आहे, आणि दरवर्षी तोच रंग, तीच चव राखू पाहणारे मोठे उत्पादक अनेक पिंपांचे मिश्रण करतात. एकाच पिंपातली कोन्याक भरणारे छोटे उत्पादक बहुधा यांतले काही घालत नाहीत; शिवाय अनेकदा वापरलेले पिंप रंगही बेताचाच देते. म्हणून गडद रंगावरून वय ओळखण्याची सवय सोडलेली बरी.

अक्रोड आणि अळंबीचा तो वास म्हणजे जाणकार ज्याची वाट पाहतात तो ‘रान्सिओ’. पिंपाच्या लाकडातून झिरपणाऱ्या हवेमुळे मद्यातील मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यांतून तो अतिशय सावकाश, कित्येकदा दशकांनी, उमलतो. त्यामानाने एक्सओसाठी पिंपातील किमान दहा वर्षेच बंधनकारक आहेत, आणि तीही 2018 पासून. त्यापूर्वी सहा पुरत असत. मात्र भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येऊन फळांचा सुगंध दबला असेल, तर बुचाचा दोष संभवतो.

चाखताना फुगीर पेल्याऐवजी ट्यूलिपच्या आकाराचा निमुळता पेला घ्यावा आणि तो तळहाताने तापवू नये, कारण उष्णतेने अल्कोहोलची तीव्र वाफ आधी नाकात शिरते. जेमतेम दोन चमचे ओतून अर्धा तास थांबावे. इतक्या जुन्या मद्याला हवा मिळणे फार महत्त्वाचे वाटते मला. मग पेला नाकापासून दूर धरून हळूहळू जवळ आणावा आणि अगदी छोटा घोट जिभेवर काही क्षण ठेवावा. अल्कोहोल झोंबले, तरच पाण्याचे दोन-तीन थेंब घालावेत.

उत्पादकाला ऊर्ध्वपातनाचे आणि बाटलीत भरल्याचे अशी दोन्ही वर्षे अवश्य विचारावीत, कारण काचेत गेल्यावर कोन्याकचे वय वाढत नाही. बाटली उभीच ठेवावी. आडवी ठेवल्यास अल्कोहोल बूच कुरतडते.